छप्पन्न दिवसांची मुदत

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहास सामान्यतः पॅरिस, स्टॉकहोम आणि मँचेस्टर या नगरांच्या नावांनी सांगितला जातो, आणि उपचाराची शास्त्रीय पायाभरणी तेथेच झाली असल्यामुळे तसे सांगण्यात अन्यायही नाही. परंतु ज्या स्त्रियांच्या देहावर या उपचाराची खरी कसोटी लागली, त्यांतील फार मोठ्या संख्येची वस्ती त्या नगरांपासून हजारो मैल दूर, पेणच्या खारेपाटातील मिठागरांच्या आसपास, रोह्याच्या कुंडलिकाकाठच्या भातखाचरांत आणि अशाच इतर तालुक्यांतून होती. खाडीच्या अलीकडे उभे राहून हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठसठशीतपणे दिसते. किरण किती प्रखर, यंत्र किती नवे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. बाई कोणत्या अवस्थेत दवाखान्यापर्यंत पोहोचली आणि पोहोचल्यावर किती दिवस तेथे टिकून राहिली, या दोन गोष्टींनीच तिच्या आयुष्याचा निकाल बहुधा लागत आला आहे.

हा रोग मुळात मंदगती आहे. गर्भपिशवीच्या तोंडाशी तो वर्षानुवर्षे सूक्ष्म रूपाने असतो, दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून पांढरे जाणे ही तर कष्टकरी घरातील निम्म्या बायकांची नित्याची तक्रार, तेव्हा तिची दखल कोण घेणार? पाळी जाऊन दोन-चार वर्षे झाल्यावर पुन्हा लाल दिसू लागले, की घरातील वडीलधारी बाई ‘उष्णता’ म्हणून सब्जा आणि धन्याचे पाणी देई. त्याने न भागल्यास सुईण, मग वैद्य, कधी जाग्याची बाधा म्हणून भगताकडे कौल, आणि या सगळ्या पायऱ्या चढून होईपर्यंत गाठ गर्भाशयमुखाची सीमा ओलांडून दोन्ही बाजूंनी कटिराच्या भिंतीला जाऊन भिडलेली असे. मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊन मूत्रपिंडे फुगू लागत. हीच ती तिसरी अवस्था, जिला वैद्यकाच्या परिभाषेत तीन-ब म्हणतात, आणि जिच्यात शल्यविशारदाच्या शस्त्राला करण्यासारखे फारसे उरलेले नसते. त्या बायकांना किंवा त्यांच्या घरच्यांना अज्ञानी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. ज्या रोगाने दुखत नाही आणि ज्याची जागा उच्चारता येत नाही, त्याच्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून मुंबईस जावे, असे सांगणारी एकही यंत्रणा तेव्हा गावापर्यंत पोहोचलेली नव्हती.

मुंबई नकाशावर जवळ होती, प्रवासात नव्हती. जुन्या कुलाबा जिल्ह्याचे (त्याचे रायगड हे नामांतर 1981 साली झाले) मुंबईशी दळणवळण प्रामुख्याने जलमार्गाने चाले. पेणच्या माणसाने बैलगाडीने धरमतरचे बंदर गाठावे आणि भरतीची वेळ साधून बोटीने मुंबईचा धक्का पाहावा, हा शिरस्ता होता. रोह्याच्या माणसाला त्याआधी आणखी एक मजल मारावी लागे. पावसाळ्यात या प्रवासाचा भरवसा उरत नसे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली, तेव्हापासून आषाढातील खाडीची धास्ती कुलाब्याच्या प्रत्येक घरात वस्तीला आली. अंगावरून रक्त जात असलेल्या, पंडुरोगाने पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला अशा बोटीत बसवून नेणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

ती बोट ज्या इमारतीसाठी पकडायची, ती परळची टाटा स्मारक रुग्णालयाची इमारत 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडली गेली. तिच्या मुळाशी एका घराचे दुःख होते. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत निवर्तल्या. भारतात रेडियमच्या उपचाराची सोय व्हावी हा विचार त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात त्यानंतर घोळू लागला; परंतु पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, तेही गेले. नवरोजी सकलातवाला आणि त्यांच्यामागून जे. आर. डी. टाटा यांनी तो संकल्प तडीस नेला. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते, गिरण्यांच्या धुरांड्यांमध्ये सात मजल्यांचे हे रुग्णालय सुरू झाले.

येथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. विकृतिशास्त्राचे हे महान अभ्यासक परळच्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख. केवळ काचपट्टीवरील पेशी तपासून ते थांबले नाहीत. रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसांची जात, धर्म, व्यवसाय, आहार आणि सवयी यांची नोंद काटेकोरपणे ठेवली तर रोगाच्या कारणांचा माग लागेल, हे त्यांनी ओळखले, आणि निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग कमीअधिक प्रमाणात आढळतात हे त्या दप्तराच्या आधारे दाखवून दिले. 1963 साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी सुरू झाली, तिची मनोभूमिका या शिस्तीनेच तयार केली होती.

आता त्या काळचा उपचार थोडा जवळून पाहू. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 साली शोधलेल्या रेडियमचा गुण असा, की त्याचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे. एकदा विकत घेतलेला साठा संस्थेला पिढ्यान्‌पिढ्या पुरे. हे रेडियम प्लॅटिनमच्या बारीक नळ्यांत बंद करीत. मँचेस्टरच्या पद्धतीप्रमाणे, जी 1938 साली टॉड आणि मेरेडिथ यांनी सिद्ध केली, रुग्णेला भूल देऊन एक नळी गर्भाशयाच्या पोकळीत आणि दोन अंडाकृती गोळ्या योनीच्या वरच्या कोपऱ्यांत बसवल्या जात. मग त्या जागच्या हलू नयेत, आणि पुढे मूत्राशय व मागे गुदाशय यांपासून शक्य तितक्या दूर राहाव्यात, म्हणून जाळीदार कापडाची लांबच लांब पट्टी घड्या घालून ठासून भरीत. ही पट्टी भरणे हेच खरे कौशल्य होते. ती सैल पडली तर गुदाशय भाजे आणि बाईला पुढे आयुष्यभर शौचावाटे रक्त जाई. पट्टी भरून झाली की बाई बहात्तर तास उताणी पडून राही. कूस वळायची नाही, उठायचे नाही. खाटेभोवती शिशाचे पडदे असत, परिचारिका लांब चिमट्यांनी कामे उरकून लगबगीने दूर होत, आणि आप्तांना दारातूनच परतावे लागे. साधारण आठवड्याने हेच सारे पुन्हा एकदा. लेकीसुनांच्या गराड्यात जन्म गेलेल्या बाईला, जिला मुंबईची बोली धड उमगत नव्हती आणि आपल्या पोटात काय ठेवले आहे हे कोणी नीट सांगितलेलेही नव्हते, ते तीन दिवस कसे गेले असतील याची नोंद कोणत्याही नोंदवहीत नाही.

आणि इतके सोसूनही पुढारलेल्या रोगात रेडियम अपुरे पडे, याचे कारण भूमितीत आहे. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मँचेस्टरकरांनी मोजणीसाठी दोन बिंदू ठरवले होते: ‘अ’ हा मध्यरेषेपासून दोन सेंटिमीटर, ‘ब’ हा पाच सेंटिमीटर. ‘अ’ला मिळणाऱ्या मात्रेचा जेमतेम पाव हिस्सा ‘ब’पर्यंत पोहोचे, आणि तिसऱ्या अवस्थेतील रोग तर त्या ‘ब’च्याही पलीकडे, कटिराच्या भिंतीशी दबा धरून बसलेला. तेथे बाहेरून किरण सोडणे भाग होते, पण त्या वेळच्या क्ष-किरण यंत्रांची शक्ती इतकी तोकडी, की खोलवर पुरेशी मात्रा पोहोचण्याआधीच वरची कातडी सोलून निघे. 1951 साली कॅनडात कोबाल्ट-60 चे यंत्र रुग्णांसाठी वापरात आले तेव्हा ही कोंडी फुटली. कोबाल्टच्या गॅमा किरणांची कमाल मात्रा कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडते, म्हणजे त्वचा वाचते आणि कटिराच्या तळापर्यंत किरण पोहोचतात. पोटात ठेवायचे स्रोत आणि बाहेरून सोडायचे किरण यांची ही जोडी म्हणजेच पुढारलेल्या गर्भाशयमुख-कर्करोगाचा आजतागायतचा मुख्य इलाज होय. आपल्याकडच्या बायका त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात; बाहेरचे शेक रोज, आतले शेक शेवटी.

याची फलनिष्पत्ती मोजण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रयत्न राष्ट्रसंघाने केला होता. स्टॉकहोमच्या हेमन यांच्या संपादनाखाली 1937 पासून वार्षिक अहवाल निघू लागले. युरोपातील उत्तमोत्तम संस्थांतही तिसऱ्या अवस्थेतील स्त्रियांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शापासून फार तर एक तृतीयांशापर्यंत होते. जिचा पत्ता लागत नाही तिला मृत समजावे, असा कडक दंडक या हिशेबात असे. शास्त्राच्या प्रामाणिकपणासाठी तो योग्यच होता. परंतु धरमतरच्या पलीकडे गेलेली बाई पुन्हा तपासणीस आली नाही, की ती खरोखर वारली का भातलावणीत गुंतली का बोटीच्या भाड्याला पैसे नव्हते, हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि म्हणून आपल्या देशातील उपचारांच्या निकालांवर दीर्घकाळ एक धुके राहिले.

1957 साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. हे दुसरे हस्तांतर डॉ. होमी भाभांच्या दूरदृष्टीचे फळ. ज्या खात्याच्या अणुभट्ट्या घारापुरीच्या समोर, तुर्भ्याच्या किनाऱ्यावर उभ्या राहत होत्या, त्याच खात्याकडे किरणोपचाराचे सर्वांत मोठे रुग्णालय आल्यामुळे पुढे किरणस्रोतांसाठी प्रत्येक वेळी परदेशाकडे पाहण्याची गरज उरली नाही. रेडियमची जागा सिझियमने आणि नंतर इरिडियमने घेतली. तीन दिवसांचे आतले शेक काही मिनिटांवर आले, आणि स्रोत आता यंत्राने दुरून आत सरकवता येऊ लागल्याने परिचारिकांचाही धोका टळला. 1974 साली डॉ. केतायून दिनशा परळला रुजू झाल्या. किरणोपचार विभागाला आधुनिक रूप देणारी आणि पुढे संस्थेची धुरा वाहणारी ही कर्तृत्ववान स्त्री. इकडे खाडीवरही बदल झाले होते. 1973 साली वाशीचा पूल झाला, 1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. बाई पोहोचू लागली.

पण ती टिकेना, आणि या लेखाचा गाभा तो आहे.

बाहेरचे शेक पाच आठवडे, सुटीचा वार सोडून रोज, आणि त्यांच्या जोडीला व अखेरीस आतले शेक, असा हा क्रम आहे. 1992 साली टोरोंटोच्या फाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा असे आढळले, की एकंदर उपचार एका महिन्यापेक्षा जितका लांबेल, तितके रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण दर दिवसामागे सुमारे एक टक्क्याने घटते. इतर संस्थांनीही थोड्याफार फरकाने हेच पाहिले. कारण असे, की किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या कर्कपेशी तीन-चार आठवड्यांनंतर अधिक वेगाने वाढू लागतात. मध्ये पडलेला प्रत्येक खंड म्हणजे शत्रूला मिळालेली उसंत होय. यावरून सारा उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे छप्पन्न दिवसांत संपला पाहिजे, हा नियम जगभर रूढ झाला.

ही मुदत कोकणच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहा. ज्येष्ठात पेरणी, आषाढात लावणी. त्या दिवसांत रोह्याच्या शेतकरी घरातून एक बाई उणी होणे म्हणजे एक बैल उणा होण्यासारखे. पेण शहरात आणि हमरापूर-जोहे परिसरात गणपतीच्या कारखान्यांतील कामाची घाई भाद्रपदाच्या आधीच्या महिन्यांत शिगेला पोहोचते, आणि ज्या घरची वर्षाची कमाई त्यावर अवलंबून आहे त्या घरचा एक माणूस बाईसोबत आणि दुसरी बाई तिच्या चुलीपाशी अडकली की घराचे गणित कोसळते. पंधरा-वीस शेक झाल्यावर रक्त जाणे थांबते, वेदना उतरते, आणि येथेच घात होतो. बरे वाटू लागले म्हणून बाई गौरीला घरी जाते आणि ‘आता बरी आहे’ म्हणून परत येत नाही. तो अर्धवट उपचार पूर्ण उपचाराचे फळ देत नाही. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून राहणारे नातेवाईक पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही, की या खंडांचे कारण बाईच्या निष्काळजीपणात फार थोडे आणि तिच्या मुक्कामाची सोय नसण्यात फार मोठे आहे.

1999 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने एक असाधारण सूचना काढली. पाच निरनिराळ्या चाचण्यांवरून असे दिसत होते, की किरणोपचारासोबत सिस्प्लाटिन हे रसायन दिल्यास मृत्यूंचे प्रमाण तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते. जगाने ते फर्मान शिरोधार्य मानले. परळच्या डॉक्टरांनी मात्र एक रास्त शंका घेतली. त्या चाचण्यांतील बहुसंख्य स्त्रिया आधीच्या अवस्थांतील होत्या, अधिक सुपोषित होत्या. आपल्या वाट्याला येणारी बाई तीन-ब अवस्थेची, रक्त कमी झालेली, कित्येकदा मूत्रपिंड दबलेले. सिस्प्लाटिन तर नेमके मूत्रपिंडालाच इजा करणारे. तिला ते झेपेल काय? आणि झेपले तर तिला त्याचा लाभ होईल काय?

परक्या देशाच्या आकड्यांवर आपल्या बाईच्या आयुष्याचा निर्णय न सोपवता तो प्रश्न तिलाच विचारायचा, ही भूमिका मला वैद्यकीय कर्तव्यबुद्धीचा उत्कृष्ट नमुना वाटते. डॉ. श्याम श्रीवास्तव, डॉ. उमेश महांतशेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 ते 2011 या काळात तीन-ब अवस्थेतील 850 स्त्रिया एका चाचणीत घेतल्या. निम्म्या जणींना केवळ किरणोपचार, निम्म्या जणींना त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन. त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे होते. म्हणजे नातवंडे मांडीवर यायची आणि घरातला शब्द चालायचा तो काळ. नुसता उपचार करून संशोधक थांबले नाहीत. मध्यमानाने 88 महिने, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, त्यांनी या स्त्रियांचा मागोवा ठेवला. वर ज्या धुक्याचा उल्लेख केला, ते या एका कामगिरीने पुष्कळसे निवळले.

2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगमुक्त राहून पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या स्त्रिया केवळ किरणोपचाराने 43.8 टक्के, सिस्प्लाटिनसह 52.3 टक्के, हयात असलेल्या अनुक्रमे 46 आणि 54 टक्के. शंभर बायकांमागे आठ जणी अधिक वाचल्या, आणि त्या आठ म्हणजे आठ घरे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि मला त्याहून विचारात टाकतो तो हयातीचा पहिला आकडा. औषधावाचून, निव्वळ शेक वेळेवर आणि पुरते घेतल्याने तीन-ब अवस्थेतील शंभरांपैकी शेहेचाळीस स्त्रिया पाच वर्षे जगल्या. राष्ट्रसंघाच्या अहवालांतील युरोपचे आकडे आठवावेत. ज्या रोगाला आपल्या गावांतून ‘आता देवाच्या हवाली’ म्हणून निरोप दिला जाई, त्यात जवळजवळ निम्म्या जणी घरी परतू शकतात, हे ज्ञान पेण-रोह्याच्या प्रत्येक आशाताईच्या जिभेवर असायला हवे.

दरम्यान परळची एक मोठी शाखा रायगड जिल्ह्यातच येऊन वसली होती. पनवेल तालुक्यातील खारघर येथे 2002 पासून कर्करोगाचे प्रगत उपचार व संशोधन केंद्र सुरू झाले. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे पहिले स्वदेशी कोबाल्ट यंत्र 2005 साली तेथेच बसवले गेले. त्यातील कोबाल्ट कोट्याजवळच्या आपल्याच अणुभट्ट्यांत तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे, त्यामुळे स्रोत दरमहा सुमारे एक टक्क्याने मंदावतो आणि तितकी शेकाची वेळ वाढवत न्यावी लागते. पण विजेच्या लहरींवर अवलंबून असणाऱ्या महागड्या यंत्रांपेक्षा ते खेड्यापाड्यांच्या जिल्हा रुग्णालयांना कितीतरी सोयीचे. याच खारघरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा यांनी शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या 300 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत असे दाखवले, की किरणांचा आकार प्रतिमांच्या साहाय्याने अचूक साधल्यास तीन वर्षांअखेर आतड्यांना होणारी मध्यम वा तीव्र इजा 42.4 टक्क्यांवरून 21.1 टक्क्यांवर येते. वाचलेल्या बाईने पुढची वर्षे शौचकूपाच्या दारात बसून काढू नयेत, ही काळजी रेडियमच्या काळी कोणाला परवडत नव्हती.

पैशाच्या बाजूने एक पाऊल शासनाने टाकले. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. 2017 पासून ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. शेकाचा खर्च तिने उचलला. मुक्कामाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि घरी राहिलेल्या लेकरांचा खर्च मात्र बाईच्याच पदरी राहिला.

तिसरी अवस्था येऊच नये यासाठी महाराष्ट्राने केलेले काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बार्शीच्या डॉक्टरांनी शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, हा रोग घडवणाऱ्या विषाणूची एकच चाचणी आयुष्यात एकदा केल्याने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात असे 2009 साली सिद्ध झाले. आणि तरीही ती चाचणी आपल्या खेड्यांतील बहुसंख्य बायकांची अद्याप झालेली नाही.

2024 साली ‘इंटरलेस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. किरणोपचारापूर्वी सहा आठवडे दर आठवड्याला दोन रसायने दिल्यास पाच वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण 72 वरून 80 टक्क्यांवर जाते, असा तिचा निष्कर्ष. परंतु या 500 स्त्रियांत दुसऱ्या अवस्थेतील अधिक आणि तिसऱ्या अवस्थेतील थोड्या होत्या, म्हणजे 1999 साली परळकरांनी जी शंका घेतली तीच पुन्हा उभी आहे. शिवाय आठ आठवड्यांच्या जागी आता चौदा आठवडे झाले; रोह्याच्या बाईने मृगाच्या पहिल्या पावसात खारघर गाठले, तर शेवटचा शेक संपेपर्यंत खाचरात भात पोटरीला आलेला असेल, आणि तेवढे दिवस तिने कोठे राहायचे, कोणाच्या खर्चाने आणि तिच्या जागी लावणीला कोणी उभे राहायचे, हे योजनेच्या कोणत्याही कलमात अद्याप लिहिलेले नाही.